कोथिंबिरीच्या दोन जुड्या

या, अशा पुढे सरकून बसा. लांबून नुसत्या माना काय डोलावताय? आणि एक बोलते, रागावू नका. बाजारात तुम्ही कोथिंबिरीची जुडी उचलता, नाकाला लावता आणि काही न बोलता परत टाकता. असं करू नये हो! काय खटकलं ते तोंडावर सांगावं. एका गिऱ्हाइकानं सांगितलं, म्हणून तर आमची विहीर वाचली.

नव्वद साल उलटल्यानंतरची गोष्ट. नाशिकच्या कडेला आमचा भाजीचा मळा. संध्याकाळी कोथिंबीर उपटायची, विहिरीच्या पाण्यात धुवायची, जुड्या बांधायच्या आणि सकाळी मी त्या बाजारात घेऊन बसायची. एका बुधवारी गोदाघाटावर रोजची एक बाई म्हणाली, "मावशी, जुडीला रॉकेलचा वास येतोय." मी हुंगलं. खरंच येत होता.

घरी आले ती सरळ सुनेवर घसरले. नवीन होती बिचारी, लग्नाला वर्षसुद्धा झालं नव्हतं. "स्टोव्हमध्ये रॉकेल भरतेस आणि त्याच हातानं जुड्या बांधतेस! हात धुवायची सवय नाही का माहेरी?" दुसऱ्या दिवशी ती दोन जुड्या घेऊन पुढ्यात उभी.

"आत्याबाई, दोन्ही मीच बांधल्यात. घ्या वास."

एकीला कोथिंबिरीचा घमघमाट. दुसरीला तोच उग्र दर्प.

"ही शेजारच्या मळ्यातल्या पाण्यात धुतली आणि ही आपल्या विहिरीच्या. आता सांगा, हात धुऊ का विहीर धुऊ?"

दोघी तडक विहिरीवर गेलो. पाण्यावर तेलकट, रंगीत पट्टे तरंगत होते. सारा मळा, घरची माणसं, दोन म्हशी, सगळं त्या एका विहिरीवर. ती गेली तर आम्ही जाणार कुठे?

रस्त्यापलीकडे पेट्रोल पंप होता, त्याच्या टाक्या जमिनीत पुरलेल्या. आमच्या ह्यांनी सरकारी कचेरीत अर्ज केला, तेव्हा पंपाचे शेठ म्हणाले, "तुमच्याच इंजिनाचं डिझेल गळत असेल."

मी म्हटलं, "अहो शेठ, विहिरीवर विजेची मोटर बसून किती वर्षं झाली. तिला काय आम्ही डिझेल पाजतो?"

मग तपासणीची माणसं आली. त्यांच्यात एक बाई होती, काटक, बोलायला गोड. तिनं आजूबाजूच्या विहिरींत फीत सोडून पाण्याची पातळी मोजली आणि म्हणाली, "जमिनीखालचं पाणी पंपाकडून तुमच्याकडे उतरतंय." मग आमच्या बांधापासून पंपापर्यंत लांब गिरमिटानं भोकं पाडली. खोलातली माती काचेच्या बाटल्यांत घट्ट बंद केली. विहिरीचं पाणीही बाटलीत काठोकाठ भरलं, वर जागा राहिली तर वास उडून जातो म्हणे. मला कुठला दम! उचलली मूठभर माती आणि हुंगायला गेले.

"मावशी, नाक लावू नका, डोकं धरेल. त्यासाठी हे यंत्र आहे."

"अगं, पहिलं यंत्र माझं नाकच होतं."

सून मागून म्हणाली, "हो, पण त्यानं चोर भलताच धरला."

सगळे हसले, मीही हसले. काय करणार?

पंपाजवळ जावं तसा मातीचा वास वाढत गेला. तिथली डिझेलची टाकी उकरली, तर बूड गंजून झिरपत होतं. शेठचा चेहरा पडला, पण त्यांनी नवी टाकी बसवली, विहीर कित्येकदा उपसून दिली. तीन पावसाळे आम्ही शेजारचं पाणी वाहिलं. बाई मधूनमधून येऊन बाटल्या भरून न्यायची. शेवटी एकदा कागद घेऊन आली आणि म्हणाली, "प्या आता."

त्या संध्याकाळी आपल्या विहिरीच्या पाण्यात धुतलेली पहिली जुडी मी सुनेच्या हातात दिली. म्हटलं, "बाई, तेव्हा चुकलं माझं. आता तू वास घे." तिनं नाक मुरडलं. मी जुडी ओढून घ्यायला हात पुढे केला. मग खुदकन हसली कार्टी!

आता बाजार तीच बघते, मी विहिरीवर बसून जुड्या बांधते. या की एकदा, लवकर या. सून कोथिंबिरीच्या वड्या करेल, वर तांब्याभर विहिरीचं पाणी. जुडी खुशाल हुंगा, पण काय वाटलं ते तोंडावर सांगा.