मामाजींची गरारी

माझ्या सासऱ्यांचं समाधान नेहमी दोन दातांनी हुकायचं. दात तोंडातले नव्हेत, गरारीचे. सायकलच्या मागच्या चाकाला चेननं फिरणारं जे दातेरी चक्र असतं त्याला आमच्या सौसरात गरारी म्हणतात, शहरातले लोक स्प्रॉकेट म्हणतात. मामाजींच्या सायकलला इंजिन होतं, आणि त्या इंजिनाला साजेशी गरारी शोधण्यात त्यांनी निवृत्तीनंतरचा काळ घालवला. त्यांचा काळ गेला म्हणून माझी तक्रार नाही. आमचाही गेला.

आमच्याकडे सुना सासऱ्यांना मामाजी म्हणतात. मामाजी तहसील कार्यालयात बाबू होते आणि जन्मभर सायकलनं फिरले. नोकरी संपली आणि गुडघे गेले. डॉक्टरांनी पायडल मारायला साफ मनाई केली. यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, स्कूटर घेऊन देतो म्हटलं. मामाजी म्हणाले, "स्कूटर आपल्याले चालवते. सायकल आपण चालवतो." या वाक्यावर ते इतके खूश झाले की महिनाभर येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवत होते. मग एक दिवस बाजारातून सायकलला बसवायचं छोटं पेट्रोल इंजिन घेऊन आले, आणि घराची शांतता गेली.

गरारी लहान असली की गाडी सपाटीवर पळते, पण चढावर दम सोडते. मोठी असली की चढ चढते, पण सपाटीवर इंजिन नुसतं बोंबलतं आणि बैलबंडी पुढे निघून जाते. शाळेत मी मराठी शिकवते, मला हे ठाऊक असायचं काही कारण नव्हतं. पण आमच्या जेवणात दुसरा विषयच नसायचा. इंजिनासोबत चव्वेचाळीस दातांची गरारी आली होती. मामाजींनी आधी छत्तीसची बसवली. गाडी अशी पळाली की गल्लीतल्या कोंबड्या छपरावर गेल्या, पण ओढ्याच्या पुलापुढच्या चढावर ती बंद पडली आणि ते तिला ढकलत, लंगडत घरी आले. मग चाळीसची. मग पुन्हा चव्वेचाळीसची. "झालंच होतं सुनबाई," ते हात पुसत म्हणायचे, "दोन दात कमी पडून राहिले." हात ते हाताला लागेल त्या कापडाला पुसत. एकदा ती माझी वाळत घातलेली शाळेची साडी होती.

गरारी बदलणं म्हणजे नुसते नट सोडून नट लावणं नव्हे. दात वाढले की चेन अपुरी पडते, कमी झाले की लोंबते. मग कड्या जोडा, कड्या काढा, चाक सरळ फिरतं का ते बघा. हे सगळं आमच्या अंगणात, सुटीच्या दिवशी, मिस्त्रीला बोलावून चाले. मिस्त्रीला चहा लागे. तो मी करायचा, आणि चहा घेऊन गेलं की मामाजी मला चाक धरायला लावत.

माझ्या माहेरी, पांढुर्ण्याला, भावाचा साखरपुडा होता. मामाजी व्याही, त्यांचा मान म्हणून माझ्या आईनं टोपी-शेला तयार ठेवला होता, आणि ऐन वेळी व्याही गायब. आई दारात ताट धरून उभी, बाबा गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आले, मुलीकडचे लोक एकमेकांकडे बघायला लागले. बऱ्याच वेळानं मामाजी आले. पांढऱ्या सदऱ्यावर काळे डाग, बगलेत वर्तमानपत्रात गुंडाळलेली वस्तू. पांढुर्ण्यात एक खरादवाला, म्हणजे लेथवाला, हव्या तितक्या दातांची गरारी कापून देतो असं त्यांनी कुठूनतरी ऐकलं होतं. आईनं शेला दिला. त्यांनी तो घेतला आणि गरारी त्यातच गुंडाळली. परतीच्या वाटेवर मी त्यांच्याशी एक अक्षर बोलले नाही, आणि ते त्यांच्या लक्षातही आलं नाही.

ही अठ्ठेचाळीस दातांची होती. एवढी मोठी कशाला, हे आम्हांला कळेना. एकटा हाडकुळा माणूस, जाऊन जाऊन जाणार कुठं? रामाकोन्याला आमची संत्र्याची बाग आहे, तिथं. आणि दर आठवड्याला बोरगावला, त्यांच्या मोठ्या बहिणीकडे. या बोरगावच्या आत्या विधवा होत्या, दीर-जावेच्या घरात राहत. त्यांना गाडी लागायची, आणि ती साधी नव्हे. मोटारीत, बसमध्ये, ऑटोत बसल्या की गावाची वेस ओलांडायच्या आत उलट्या सुरू व्हायच्या आणि मग दोन दिवस डोकं वर होत नसे. आमच्या लग्नालासुद्धा त्या येऊ शकल्या नव्हत्या, पाया पडायला आम्हीच एकदा बोरगावला जाऊन आलो होतो. मोटारसायकलची सीट उंच, त्यावर त्यांचा पाय चढत नसे, आणि वेगाची भीती वेगळीच. त्यामुळे वर्षानुवर्षं त्या बोरगावातच होत्या. मामाजी भेटायला जात, आल्यावर तब्येत सांगत, एवढंच.

एक दिवस मी शाळेत निघाले असताना त्यांनी मला फाटकाशी थांबवलं आणि विचारलं, "सुनबाई, तुझं वजन किती हाय?"

समोरच्या ओट्यावर शेजारणी भाजी निवडत बसल्या होत्या. मी ऐकलं नाही असं दाखवलं. "कॅरिअरवर बसून तर पाह्य. पुलापर्यंत जाऊन येऊ." मी स्कूटी सुरू केली ती थेट शाळेत थांबवली. संध्याकाळी कळलं की माझ्याऐवजी सरकीचं पोतं कॅरिअरवर बांधून ते गेले होते. चढाच्या मध्यावर गाडी थांबली, पोतं घसरलं, मामाजीही घसरले. कोपर सोलून निघालं होतं. यांचा संयम सुटला. ओझं न्यायचं असेल तर टेम्पो आहे, हे वेड आता बंद करा, असं बरंच बोलले. मामाजी खाली मान घालून हळद लावून घेत होते. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाले, "ओझं न्यायचं हाय असं मी म्हटलं काय?" आणि दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याची बस धरून बावन्न दातांची गरारी कापायला सांगून आले.

तिच्यानंतर गाडी इतकी हळू झाली की सौसरच्या बाजारात लोक तिच्या बाजूनं चालत मामाजींशी गप्पा मारत. मला वाटलं, चला, आता तरी खूळ संपलं. तेवढ्यात बैठकीतल्या सोफ्याची एक गादी नाहीशी झाली. आकाशी रंगाची, नवी. मी घरभर शोधली. मामाजींना विचारलं तर ते वर्तमानपत्र वाचत राहिले.

पुढच्या शनिवारी मी आणि माझी एक सहकारी शिक्षिका स्कूटीवरून जामसांवलीला मारुतीच्या दर्शनाला निघालो. रस्त्यात पुढे गाड्यांची रांग लागली होती, सगळे हॉर्न वाजवत होते. मी कडेकडेनं पुढे गेले तर आधी मला माझी गादी दिसली. कॅरिअरवर सुतळीनं शिवलेली. तिच्यावर एका अंगानं बोरगावच्या आत्या बसल्या होत्या. डोक्यावर पदर, मांडीत नारळ, एक हात मामाजींच्या खांद्यावर. पाय ठेवायला मामाजींनी चाकाजवळ लाकडी फळीसुद्धा बसवली होती.

मला इतका संताप आला की हाक मारायला तोंड उघडेना. दोन म्हातारी माणसं, मागे ट्रक, आणि घरात कोणाला पत्ता नाही. मी मागे मागे चालवत राहिले. त्या वेगात दोघींच्या वजनानं स्कूटी तोल धरेना, माझे दोन्ही पाय रस्त्यावर घासत होते. पुढे चढ आला. आता थांबणार, आता आत्या पडणार, म्हणून मी गाडी लावून धावायच्या तयारीत होते. इंजिनाचा आवाज जड झाला, पण सायकल थांबली नाही. मुंगीसारखी चढत गेली आणि वर पोचली. आत्यांनी तेव्हा मागे वळून मला पाहिलं. ओळखायला त्यांना थोडा वेळ लागला. मग त्या अगदी सावकाश म्हणाल्या, "पोरी, डोकं नाही गरगरून राहिलं माझं."

देवळाच्या आवारात मी मामाजींना बाजूला घेऊन धारेवर धरलं. मोठ्या माणसाशी बोलू नये तसं बोलले. एवढं सगळं आत्यांसाठी होतं तर सांगता येत नव्हतं का, हे शेवटी विचारलं.

ते म्हणाले, "सांगितलं असतं तर तुम्ही मोटार काढली असती. गोळी दिली असती, पुढच्या सीटवर बसवलं असतं. ते नाही म्हणाली नसती, तुमचं मन राखलं असतं अन् रस्ताभर ओकत आली असती. तिले देवापुढं धड उभं राहायचं होतं, सुनबाई."

आत्या रांगेत उभ्या होत्या. बाया त्यांना पुढे जा म्हणत होत्या आणि त्या जात नव्हत्या. त्यांना रांग हवी होती.

त्यानंतर त्या दोघांनी उच्छाद मांडला. आत्या आमच्या घरी आल्या, माझा संसार भांड्याकुंड्यासकट बघून गेल्या. रामाकोन्याच्या बागेत गेल्या, जिथं लग्नानंतर त्यांचं पाऊल पडलं नव्हतं, आणि झाडाखाली बसून संत्री सोलून खाल्ली. आमचा जीव प्रत्येक वेळी टांगणीला. फोन नेत जा म्हटलं तर मामाजी म्हणायचे, आवाजात ऐकू येत नाही. मी चिडायची, हे चिडायचे. आम्ही पोलिसांची भीती घातली, तीही चालली नाही.

थंडीच्या दिवसांत आत्या न्युमोनियानं गेल्या. मामाजी दहाव्यापर्यंत बोरगावलाच राहिले. परत आल्यावर त्यांनी मिस्त्रीला बोलावून छत्तीसची गरारी बसवून घेतली. एकट्याच्या वजनाला तीच बरी, एवढंच बोलले. मी चहा केला. या वेळी मला कोणी चाक धरायला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते बागेत गेले आणि दुपारच्या आधीच परतले. पायरीवर बसून राहिले. काय झालं, लवकर आलात, म्हटलं.

"लवकर पोचलो," ते म्हणाले. "तिथं जाऊन बसलो, तर काही सुचलं नाही. मग निघालो."

त्या वर्षी उन्हाळ्यात ते झोपेतच गेले. तोपर्यंत ती गरारी तशीच राहिली. मिस्त्री अधूनमधून फाटकाशी येऊन विचारून जाई, काही बदलायचं आहे काय बाबूजी. मामाजी नुसती मान हलवत. आणि मी, जिनं सगळ्या गल्लीला ऐकू जाईल एवढी कटकट केली होती, ती स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत असायची, की हा माणूस आता उठेल, मिस्त्रीशी वाद घालेल, त्याला काहीतरी कमी पडतंय म्हणेल.