सरकत्या खोलीचा नवस

आमचे हे, म्हणजे दीनानाथ, कसब्यात दुकानांची शटरं दुरुस्त करतात आणि सोबत गिऱ्हाइकाची अक्कलही काढतात, तीही फुकटात.

वारज्याच्या तेजसने आयटीच्या पगारातून राहायची गाडी बांधून घेतली. बटण दाबलं की तिची एक खोली ड्रॉवरसारखी बाहेर सरकते, पुन्हा दाबलं की आत येते. एकदा आत येताना ती वाकडी होऊन अडकली, तेव्हा त्याने यांना बोलावलं.

यांनी बॅटरी पाहिली, मोटरचा आवाज ऐकला, रुळांना ग्रीस लावलं. मग खोलीखाली हात घालून तेजसच्या आईची, दुर्गाबाईंची, चप्पल बाहेर काढली. खोली सुरू होते तिथे जरा उंचवटा आहे. बाईंना तो उंबरा वाटला आणि त्यांनी रीतीप्रमाणे चपला तिथेच काढल्या.

"आपण शिकलेली माणसं," हे म्हणाले, "यंत्राला चपला खायला घालता?"

मग खोली पुन्हा बाहेर सरकवून हे कडेचं रबर बघायला आत गेले आणि आतूनच ऐटीत म्हणाले, "दाबा आता बटण."

खोली निम्मी आली आणि परत अडकली.

त्या दिवशी हे घरी अनवाणी आले. विचारलं तर म्हणाले, "नवस बोललो होतो."

संध्याकाळी तेजसचा फोन आला. सगळी हकीकत सांगून तो म्हणाला, "काकू, काकांच्या चपला निघाल्यात. आणून देऊ?"

"नको रे," मी म्हटलं. "नवस फिटू दे आधी."