खाट, कॉट, कट्टील

बाबांना दवाखान्यातून घरी आणायचं ठरलं, तेव्हा मी वहीत बारा गोष्टी लिहायला घेतल्या. अकरा सरळ होत्या. डायपर, ग्लिसरीन, चोचीचा कप, दोन रबरी चादरी वगैरे. बाराव्या ओळीला मी अडले. दवाखान्यात ती कॉट होती. बाबा 'कॉट नंबर सात' होते, त्यांच्या औषधांच्या पिशवीवरसुद्धा तेवढंच लिहिलेलं. ती भाड्याने देणारा दुकानदार फोनवर बेड म्हणत होता. भाऊ पलंग म्हणत होता. आणि अर्धांगवायूने जीभ जड झालेले बाबा बाज म्हणत होते. मी खारघरच्या एका कॉलेजच्या भांडारात काम करते. एका वस्तूला चार नावं पडली की वर्षाच्या मोजणीत त्याच्या चार वस्तू होतात, हे मला पक्कं माहीत आहे. मी 'खाट' लिहिलं आणि वही मिटली.

डिस्चार्जचे कागद यायला चार तास लागले. भाऊ खाली काउंटरवर उभा होता. मी बाबांच्या उशाशी मोबाइल घेऊन बसले. दुसरं काही करावंसं वाटत नव्हतं, म्हणून तो शब्द शोधत राहिले. संस्कृतात खट्वा, त्यावरून आपली खाट. हिंदुस्थानात आलेल्या इंग्रजांनी ती खाट उचलली आणि तिचं कॉट केलं. मग जहाजावरच्या खलाशांच्या झोळीला तेच नाव दिलं, पुढे तान्ह्या मुलांच्या कठड्याच्या पलंगालाही. तीच कॉट साहेबाच्या दवाखान्यातून परत आपल्याकडे आली आणि आपल्याला ती इंग्रजी वाटू लागली. पलंग आणि पालखी हे एकाच घरातले शब्द. पालखीचं नाव पोर्तुगीजांच्या तोंडून पार युरोपात गेलं. बाजेचं मूळ काही सापडलं नाही.

सलाइन काढायला सिस्टर आल्या. केरळच्या होत्या. त्यांना विचारलं, तुमच्याकडे याला काय म्हणतात?

"कट्टील," त्या म्हणाल्या. "क्यों? घर में लेना है क्या?"

"नाही, असंच."

कट्टीलही मी शोधलं. तिकडच्या भाषांत कट्टु म्हणजे बांधणं. आपली खट्वाच मुळात तिकडून आली असावी, असं काही अभ्यासक मानतात. बाबा तरुणपणी गावी, बेलपाड्यात, सुंभाच्या बाजा विणून द्यायचे. त्यांना हे सांगावं असं मनात आलं, पण तेवढ्यात कागद आले.

रोडपालीच्या आमच्या फ्लॅटमध्ये हॉलच्या मधोमध ती खाट लागली. लोखंडी, चार चाकांची. पायथ्याशी हँडल, ते फिरवलं की डोक्याकडची बाजू उचलली जाई. डॉक्टरांनी एकच गोष्ट तीनदा बजावली होती. भरवताना बसतं केल्याशिवाय चमचा तोंडात घालायचा नाही, घास छातीत जाईल. मी ते कागदावर लिहून फ्रिजवर लावलं.

घरी आल्याच्या आठव्या दिवशी, दुपारी, बाबांचा श्वास बदलला. मोठा आवाज, मग बराच वेळ काहीच नाही, मग पुन्हा आवाज. आत्या आलेलीच होती. बाबांची थोरली बहीण, बेलपाड्याहून रोज रिक्षाने येई. तिने बाबांच्या कपाळाला हात लावला.

"बगत काय बसलाव? खाली घ्या त्याला. खाटेवर जीव गेला त अदांतरी ऱ्हाईल."

आमच्यात माणूस जायला लागला की खाटेवरून उतरवून जमिनीवर ठेवतात. त्याला 'खाली घेणं' म्हणतात. माणूस जमिनीवरून जावा. आमच्या आजोबांना बाबांनी एकट्याने उचलून खाली घेतलं होतं. ते किती हलके लागले, हे बाबा आम्हाला लहानपणापासून सांगत आले होते. आपली वेळ आली की असंच करा, हेही.

मी घोंगडी अंथरली. पाय दक्षिणेला हवेत म्हणून मोबाइलवर दिशा पाहिली. भावाने खांदे धरले, मी पाय. आत्याने तोंडात तुळशीचं पान आणि पाणी घातलं. मग फोन केले. तासाभरात बेलपाड्याची माणसं जमली, दाराबाहेर चपला मावेनात. बायका आत्याभोवती बसल्या, पुरुष जिन्यात. मी पाण्याचे ग्लास मोजून ठेवत होते.

साडेपाचला बाबांनी डोळे उघडले. सगळ्यांकडे पाहिलं.

"च्या नाय का?"

कुणीतरी आत हुंदका दिला आणि बाहेर कुणीतरी हसलं.

"जल्ला तुजा च्या!" आत्या म्हणाली. "आख्खा गाव गोला केलास, आन वर च्या मागतस!" हे म्हणताना ती रडत होती. माणसं एकेक करून उठली. जाताना कुणी 'येतो' म्हणेना, कारण तेही बोलायचं की नाही ते कळेना.

चमच्याने चहा दिला. बाबा आडवेच होते. दुसऱ्या चमच्याला ठसका लागला, तो दहा मिनिटं थांबला नाही. मी भावाला म्हटलं, "धर. वर घेऊ या."

"वर?" आत्या मध्ये आली. "आता वर नाय. भुईला लावलेला मानूस परत खाटेवर चडवत नाय. तो एकला जात नाय मंग."

असा माणूस घरातलं कुणी सोबत नेतो, हे मी कधी ऐकलं नव्हतं. भावानेही नाही. पण ती म्हणाली, आणि मग ते ऐकलेलं झालं. भावाला दोन मुलं आहेत. तो मागे सरकला.

मी सवयीने पर्याय काढले. "तुझ्या घरातली बाज आणू? ती बुटकी आहे."

"पाय हायत ना तिला? मंग खाटच."

"दिवाण?"

"त्याला नायत पाय?"

"आणि बॉक्सचा पलंग? त्याला तर पायच नसतात."

"कालेजात जातस त मला शिकवतस काय गो?"

शेवटी मी बाबांनाच विचारलं. वाकून, कानाशी. "बाबा, वर घेऊ?" त्यांनी खाटेकडे पाहिलं. मग मान हलवली. नको.

दोन दिवस आम्ही त्यांना जमिनीवर ठेवलं. मागे उशा, घड्या घातलेल्या गोधड्या, सगळं लावून पाहिलं. ते घसरत. प्रत्येक जेवणाला ठसका. तिसऱ्या दिवशी पहाटे ताप आला, छातीत घरघर सुरू झाली. डॉक्टर फोनवर म्हणाले, "त्यांना बसतं करा, नाहीतर परत इकडे आणा. खाली कशाला ठेवलंय?" मी कारण सांगितलं नाही.

त्या दिवशी आत्या यायच्या आधी, सकाळी आठला, मी भावाला खांदे धरायला सांगितलं. त्याने धरले. बाबा जागे होते. वर ठेवल्यावर त्यांनी चालत्या हाताने कठडा घट्ट पकडला. पडू नये म्हणून धरला की उतरायचं होतं, ते मला कळलं नाही. मी विचारलं नाही. हँडल फिरवून डोकं उचललं आणि पेज भरवली. ठसका लागला नाही.

आत्या आली, बघितलं आणि दारातूनच परत गेली. त्यानंतर बाबा नऊ दिवस होते. पेज घेत, कधी वरण. बोलले नाहीत. आधीही फार बोलत नव्हते, त्यामुळे त्याचा अर्थ काय लावायचा ते मी ठरवलं नाही. त्या दिवसांत मी बेड हा शब्दही शोधला. त्याचं मूळ जमिनीत खणलेल्या जागेत असावं, असं काहींचं म्हणणं आहे. वाचलं, पुढे काही केलं नाही.

दहाव्या दिवशी सकाळी मी पेज निववायला स्वयंपाकघरात गेले. परत आले तेव्हा कठड्यावरचा हात खाली लोंबत होता. श्वासाने काही सूचना दिली नव्हती, पहिल्या वेळेसारखा आवाज नव्हता. मी वाटी ठेवली. भावाला बाथरूममधून हाक मारली. तो ओल्या अंगाने आला. आम्ही दोघांनी बाबांना उतरवून घोंगडीवर ठेवलं, पाय दक्षिणेला. ते आजोबांसारखे हलके नव्हते. मग मी आत्याला फोन केला.

खोलीत माणसांना बसायला जागा हवी, म्हणून भावाने दुकानदारालाही बोलावलं. तो आणि आत्या जवळपास एकदमच आले. आत्या थेट बाबांच्या डोक्याशी बसली, त्यांचे केस सारखे करू लागली. दुकानदार पाना काढून चाकं सोडवायला वाकला, मग थांबला आणि हळू आवाजात मला म्हणाला, "मॅडम, राग मानू नका. पेशंट बेडवर तर नाही ना गेले? पुढचं गिऱ्हाईक विचारतं."

आत्याचा हात थांबला. तिने माझ्याकडे पाहिलं. भाऊ खिडकीकडे वळला.

"नाही," मी म्हटलं. "वेळेवर खाली घेतलं होतं."

 आत्याने पदराने बाबांचं तोंड पुसलं आणि त्या माणसाला मोठ्याने सांगितलं, "आमच्यात खाटेवर कोन जात नाय."

तो हो हो म्हणाला आणि पुन्हा वाकला. लोखंडी भाग लिफ्टमध्ये मावेनात, तेव्हा भाऊ दुसरं टोक धरायला गेला. आत्याने सरकून मला तिच्या शेजारी जागा केली. मी बसले. ती आता एकटीच राहते, आणि तिला वाचता येत नाही, म्हणून इथे जसं घडलं तसं लिहिलं.