घरचा वाफा

सासरे गेले आणि सासूबाई मखमलाबादचा मळा माझ्या दिरांच्या हवाली करून आमच्याकडे सातपूरला राहायला आल्या. आल्या आणि त्यांनी भाजी सोडली. वरणभात, फार तर लोणच्याची फोड. पालेभाजी वाढली की वास घेऊन बाजूला सारायच्या.

"औषध मारलेलं हे."

"आई, मिठाच्या पाण्यात धुतलीय मी."

"धुऊन जात आसतं तर आमी कशाला मारलं आसतं?"

मळ्यात त्यांची रीतच तशी होती. विकायचे वाफे वेगळे, घरचा वाफा वेगळा. विकायच्या भाजीवर पंप फिरायचा. घरच्या वाफ्यावर सासरे थेंब उडू द्यायचे नाहीत, वारा तिकडचा असला तर त्या दिवशी फवारणीच नाही. म्हणजे पंपाखालची भाजी शहरानं खाल्ली, आणि माहेरी मीही खाल्ली असणार. हे मी एकदा बोलून दाखवलं. सासूबाई नुसत्या हसल्या. मला आलेला राग बरेच दिवस टिकला.

पण बाई वाळत चालली होती. डॉक्टरांनी रक्त कमी म्हणून सांगितलं, हिरव्या भाज्या द्या म्हणाले. अशीच राहिली तर पावसाळा काढत नाही, हे मला दिसत होतं आणि त्याची भीती वाटत होती. शेवटी ह्यांनी आणि मी ठरवलं, घरामागच्या तुकड्यात आपणच लावू. रासायनिक खत नाही, औषध नाही. सासूबाईच काय, आमची बालवाडीतली मुलगीही तेच खाईल. उत्साहाला तोटा नव्हता, तोटा मातीचा होता. खाली सगळा मुरूम. पहिली मेथी बोटभर वर आली आणि पिवळी पडून बसली.

ह्यांच्या कंपनीतल्या एकाच्या ओळखीचा ट्रॅक्टरवाला होता. त्यानं उन्हाळ्यात गाळाची ट्रॉली आणून ओतली. काळा, ओलसर, हातात लोण्यासारखा. एवढंच की त्यावर पाणी घातलं की मातीचा वास यायचा नाही. झेंडूचा आणि विझलेल्या उदबत्तीचा यायचा. नदीचा गाळ आहे, असेल, म्हणून मी सोडून दिलं.

मेथी इतक्या लवकर वर आली, की आधीच कुणी बी टाकून ठेवलं होतं का, असं मी ह्यांना विचारलं. शेजारणीच्या कुंड्यांवर मावा पडला, आमच्या वांग्यांना कीड शिवली नाही. चिमण्या फिरकायच्या नाहीत. कावळे कुंपणाच्या भिंतीवर ओळीनं बसायचे, पण खाली उतरायचे नाहीत. खुरपताना बांगड्यांचे तुकडे निघायचे, काळं पडलेलं एखादं नाणं, आणि पांढरे कण. ते मला शिंपले वाटायचे. सासूबाई तेवढे पांढरे वेचायच्या, पदरानं पुसायच्या आणि वांग्याच्या बुडाशी परत दाबायच्या. दुपारभर तिथंच बसून असायच्या. एकदा कपडे वाळत घालताना मी ऐकलं. "आज कवळी वांगी निघाली," त्या म्हणाल्या, मग जरा थांबल्या आणि कुणी काही बोलल्यासारख्या हसल्या. तिथं दुसरं कुणी नव्हतं. पण त्या दोन भाकऱ्या खात होत्या, वाळलेले हात भरले होते. मी कशाला विचारू?

पुढच्या उन्हाळ्यात ट्रॅक्टरवाला दारात उभा.

"अजून एक टाकू का, ताई? गंगेवरचा हाय. रामकुंडाच्या खालच्या अंगाचा. असला माल परत मिळायचा नाय."

गंगा म्हणजे आमची गोदावरीच. सासऱ्यांच्या अस्थी आम्ही त्याच कुंडात सोडल्या होत्या. आमच्याच कशाला, कुठून कुठून लोक अस्थी घेऊन तिथं येतात. तिथल्या पाण्यात त्या विरघळतात म्हणतात. विरघळून पुढे कुठं जातात, हे नाशकात जन्म काढून मी कधी विचारलं नव्हतं. आणि वर्षभर मी ते मुलीला भरवत होते.

त्या दिवशी मी गुपचूप बाजारची मेथी केली. सासूबाईंनी ताट सारलं. मग माझ्यानं राहवलं नाही. सगळं सांगितलं, उद्या माती काढून फेकणार म्हणूनही सांगितलं. बोलता बोलता कळत होतं, की आता ही बाई पुन्हा जेवणार नाही आणि त्याचं पाप माझ्या माथी येणार.

त्या शांत होत्या. "मला पयल्या दिवशीच कळलं व्हतं. पाणी घातलं आन वास आला."

"मग खाल्लंत कसं?"

"जलमभर त्यांनी मला इकायच्या वाफ्यातलं पान खाऊ दिलं नाय. आता हितं घरचा वाफा करून दिला, तर नको म्हणू का?"

उठल्या, मागं जाऊन मेथी खुडून आणली आणि स्वतः परतून जेवल्या.

माती फेकायचा धीर मला झाला नाही. त्या दिवसापासून घरात दोन भाज्या व्हायला लागल्या. त्यांची मागची, आमची बाजारातली. निरोगी खायचं म्हणून बाग केली आणि आम्ही तिघं पंपाखालचं खात राहिलो. पुढं त्या थकल्या, तेव्हा एकदा मला जवळ बसवून म्हणाल्या, "मी गेले की एक ट्रॉली टाकून घे. तुझी पोर औषधाचं खाती, मला बघवत नाय."

त्या गेल्या तेव्हा मुलगी दहावीला होती. अस्थी आम्ही त्याच कुंडात सोडल्या. पुढच्या उन्हाळ्यात ट्रॅक्टरवाल्याला निरोप मी धाडला, ह्यांना न विचारता. मेथी भराभर वर आली. मी ती खुडली, परतली, मुलीला वाढली आणि माझ्या ताटातही घेतली. पहिला घास गिळायला मला वेळ लागला. मुलीनं पुन्हा मागितली, आणि मी वाढली.