वालाचं आरमार

भिसेगावात माझ्या माडीवर राहणारा भाडेकरू प्रत्येक वाक्य 'समजा'ने सुरू करतो. "समजा आजी, नळाला पाणी आलं नाही," असं तो म्हणतो तेव्हा पाणी गेलेलंच असतं.

दर रविवारी तो मित्रांना जमवून माझ्या पडवीत अंतराळातलं युद्ध मांडतो. खडूने ग्रह काढतो. माझ्या डब्यातले वाल ही त्याची लढाऊ जहाजं. प्रत्येक ग्रहावर एक गट, त्याचा एक न मोडायचा नियम; मित्र एकेका गटाच्या वतीने भांडतात, तह करतात. मी चौथी शिकलेली बाई. हे रिकामटेकड्यांचे धंदे आहेत, असं मी त्याला तोंडावर सांगायचे. तो मान डोलवायचा.

एकदा म्हणाला, "समजा आजी, तुमचा गट असता, तर नियम काय ठेवला असता?"

"आपणहून कोणाशी बोलायला जायचं नाय."

त्याने तसा गट रचून मला खेळायलाच बसवलं. बाकीच्यांनी आपसात तह केला आणि माझ्या ग्रहाला वेढा घातला. आतलं धान्य संपलं.

"आजी, तहाचं बोलायला या की," एकजण हसला.

"नियम म्हंजे नियम," मी म्हटलं.

भाडेकरू मात्र हसला नाही. "समजा, तुमची माणसं नियम पाळून मेली."

मी खडूच्या त्या गोलाकडे बघितलं आणि भाडेकरूच्या जवळ सरकले.

"दूत पाठव रं," मी त्याच्या कानाशी पुटपुटले. "पण मी सांगितलं म्हणू नको."

सगळ्यांनी ऐकलं होतं. तरी तो गंभीरपणे म्हणाला, "समजा, दूत कोणी पाठवला ते कोणालाच ठाऊक नाही," आणि त्याने एक वाल पुढे सरकवला.