ऋषीच्या भाजीतला धोत्रा
आज ऋषिपंचमी. भाजी निवडताना शेजारणीच्या पत्रीतून धोत्र्याचा उग्र वास आला आणि हात थांबला. महाराष्ट्र झाला त्या वर्षी, गुलबक्षीच्या वाफ्यात आपसूक उगवलेला धोत्रा मी फुलांसाठी राखला होता. हरितालिकेला उरलेली त्याची कोवळी पानं मी भाजीच्याच टोपलीत टाकली आणि विसरले. व्रत सासूबाईंचं, म्हणून पंचमीला शिजवलेली ती भाजी त्या एकट्यांनीच खाल्ली. तासाभरात त्यांचं तोंड लाल झालं, बुबुळं मोठी झाली. "सूनबाई, भितीवर मुंग्या काऊन सोडल्या वं?" भिंत कोरी होती. मी टोपली पाहिली. धोत्र्याचं एकही पान उरलं नव्हतं. दवाखाना चिखलीला, आणि तिकडची एसटी निघून गेली होती. रात्र सरेपर्यंत त्यांचा श्वास चालू आहे ना, एवढंच बघत बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी धोत्रा उपटायला वाकले, तर ओट्यावरून सासूबाईंचा आवाज आला, "मंग महादेवाले काय वाहशीन वं?" "बेल," म्हटलं आणि मुळासकट ओढला.