म्हशीचा जबाब

बार्शी तालुक्यातल्या त्या खुनाची आठवण निघाली की आजही माझी मान खाली जाते. लोक माझ्या तपासाचं कौतुक करतात, तेव्हा तर जास्तच.

एका शेतकऱ्याचा मृतदेह मंगळवारी त्याच्याच विहिरीत सापडला. डोक्याला मार होता. पाण्यात राहिल्याने मृत्यूची नेमकी वेळ डॉक्टरांना सांगता येईना. धाकट्या भावाने जबाब दिला, "सोमवारी पाटं म्हशीची धार काडून दादा रानात गेला, तो आलाच न्हाय."

सोलापूरच्या शुक्रवार पेठेतला एक टेम्पोचालक सोमवारी सकाळी कडबा न्यायला गावात आला होता. त्याआधीच्या शनिवारी त्याच्या टेम्पोचा धक्का त्या म्हशीला लागून मयताशी शिवीगाळ झाली होती. मला एवढं पुरलं. अटक केली, पोलीस कोठडी मिळवली.

गुरुवारी ठाण्यात एक मुलगी आली. कॉलेजात शिकणारी, दोन्ही वेळा गावच्या दूध केंद्रावर माप घेणारी. कुणाची कोंबडी कुणाच्या कालवणात गेली, हे शोधून काढणारी म्हणून गाव तिला 'फौजदारीणबाई' चिडवायचं.

"साहेब, रविवारी सांजंपासनं त्यांचं दूधच आलं न्हाय. ती म्हैस थोरल्याबिगर कुणाला पान्हवत न्हाय. तवापासनं वरडायलीय. मग सोमवारी धार काडली कुणी?"

"मग काय, म्हशीचा जबाब घेऊ?" मी म्हणालो. सगळं ठाणं हसलं. हवालदाराने तिला वाटेला लावलं.

शनिवारी टेम्पोचालकाचे वडील वारले. त्याला मयतीला नेण्याच्या परवानगीचा अर्ज सरकेपर्यंत दफन उरकलं होतं. त्यानंतर त्याची नजर मला सोसेना. मी केंद्रावर गेलो. नोंदी तिने सांगितल्या तशाच होत्या. रविवारी तू कुठे होतास, हे त्याला आम्ही विचारलंच नव्हतं. दुपारपासून रात्रीपर्यंत तो पेठेतल्या लग्नात अख्ख्या मोहल्ल्यासमोर पंगतीला वाढत होता.

भावाला विचारलं, सोमवारचं दूध कुठे गेलं? आधी म्हणाला, घरी ठेवलं. मग म्हणाला, "मीच धार काडली हुती, नासलं." खोटं बोलणारा गरजेपेक्षा जास्त बोलतो. त्याला म्हशीखाली बसवलं. म्हशीने लाथ घातली, चरवी उडाली, बघ्यांत हशा पिकला. तो मात्र तिथेच कबूल झाला. रविवारी दुपारी पाण्याच्या पाळीवरून त्याने खोऱ्याचा दांडा भावाच्या डोक्यात घातला होता.

टेम्पोचालक सुटला तेव्हा ती मुलगी ठाण्यातच होती. "हिच्यामुळे सुटलास," मी त्याला म्हणालो.

त्याने हात जोडले. "ताई, तुम्ही जरा आधी आला असता, तर अब्बांना खांदा तरी दिला असता की."

तिने एकदा माझ्याकडे पाहिलं. "चुकलं माजं, भाऊ," ती म्हणाली. "यायला उशीर झाला."

ती गुरुवारीच आली होती, मी हसलो होतो, एवढंच मला सांगायचं होतं. हवालदार बघत होते, बढती तोंडावर होती. मी फाईल चाळत राहिलो.

नोकरीभर मी लोकांकडून गुन्हे कबूल करून घेतले. माझ्या तोंडून ते एक वाक्य निघालं नाही, आणि एका पोरीने माझा गुन्हा स्वतःच्या अंगावर घेतला.